मोचनशिळा विरेना

एका राज्यात, सात घाट उतरून आठवा चढायच्या आधी, एक तरुण राणी राज्य करीत होती, आणि त्या राणीच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी केतकाई चाखीत होती. केतकाई म्हणजे राजवाड्याची चाखणारीण. वय पन्नाशीचे, नजर घारीची आणि स्वभाव असा की दूध आले तर गवळ्याकडे बघायची, आंबा आला तर देठाकडे. देवळातला प्रसादही ती आधी हुंगायची. देवाने ते कधी मनावर घेतले नाही, पुजाऱ्याने मात्र घेतले.

लोक हसत. पण दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. चौदा वर्षांपूर्वी थोरल्या राजाला कोणीतरी सरबतातून विषाची भुकटी दिली आणि तो केतकाईच्या डोळ्यांदेखत गेला. मागे राहिली त्याची तीन वर्षांची लेक पयोष्णी, आताची राणी. केतकाईने त्या आईविना लेकराला कडेवर घेतले आणि मुदपाकखान्याच्या दारावर तीन नियम कोरून घेतले. पहिला नियम, राणीसाठी जे येईल ते अखंड येईल. कुटलेले नाही, दळलेले नाही, कारण भुकटीत काय लपेल ते सांगता येत नाही. दुसरा, जे पातळ असेल त्यात सात भाग पाणी पडेल, म्हणजे विष असलेच तर फिके होईल. तिसरा, जे काही असेल ते थंड फरशीवर निवेल, मग केतकाई चाखेल, आणि प्रहरभराने केतकाई जिवंत असली तरच ते पुढे जाईल. चौथा नियम कोरलेला नव्हता, तरी सर्वांना पाठ होता. परक्याची वस्तू राणीच्या भांड्यात पडणार नाही.

एवढा पहारा, आणि संकट ताटातून आलेच नाही. ते पेटीतून आले. थोरल्या राजाने एकेकाळी कर्कोळ नावाच्या मांत्रिकाचा खजिना लुटून आणला होता. कर्कोळ मेला, पण त्याची तांब्याची पेटी तळघरात राहिली, आणि सतरा वर्षांच्या पयोष्णीने ती एके दिवशी उघडली. आत मोहरा नव्हत्या. एक शिंपला होता.

शिंपला बोलला, "लुटीला हात लावलास. आजपासून नवव्या दिवशी सूर्य मावळताना तू मस्तकापर्यंत दगड होशील."

एवढे बोलून शिंपला मिटला. राणीच्या पायाची बोटे पांढरी आणि कडक झाली होती.

राजवैद्य शौनिकाला यावरचा उपाय ठाऊक होता. मोचनशिळा नावाचा पांढरा धोंडा अम्लवेताच्या आंबट द्रावात विरवायचा. विरताना बुडबुडे निघतात. शिळा पुरती विरली की दुधाळ रस पाण्यासारखा स्वच्छ होतो, आणि त्या रसाची एक ओंजळ दगडाला पुन्हा माणूस करते. शिळा मिळाली, द्राव मिळाला. दोन्ही मुदपाकखान्याच्या दाराशी आले आणि नियमाप्रमाणे आत गेले. नारळाएवढी शिळा अखंड घंगाळात बसली, द्रावात सात भाग पाणी पडले, घंगाळ थंड फरशीवर ठेवले गेले.

"बाई, खल द्या," शौनिक म्हणाला. "शिळा कुटायची आहे."

"नाही," केतकाई म्हणाली.

"मग घंगाळाखाली जाळ करू द्या."

"नाही."

"निदान ते पाणी तरी घालू नका."

केतकाईने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळले. दारावर नियम तीन, आणि या गृहस्थाला मोडायचे तेही नेमके तीन. ज्याच्या मनात काही नाही त्याला भुकटी कशाला हवी? थोरल्या राजाचे विषही कुणीतरी असेच खलात कुटले असेल. तिने वैद्याच्या मागे दोन शिपाई उभे केले.

चौथ्या दिवशी राणीचे गुडघे दगड झाले. घंगाळात दोन श्वासांमागे एक बुडबुडा येत होता, तोही आळसावल्यासारखा. केतकाईने शिळेभोवती दोरा धरून मापले. चार दिवसांत ती दोऱ्याच्या जाडीएवढीही झिजली नव्हती. या चालीने अकरा वर्षे लागली असती. कोणीतरी मुद्दाम वेळ काढीत होते, आणि घंगाळाशी रोज कोण बसत होते ते तर उघड होते. तिने शौनिकाला कोठडीत घालायला लावले.

"मला कोंडून शिळा विरेल का, बाई?" जाताना त्याने विचारले. केतकाईला तो प्रश्नही संशयास्पद वाटला.

पयोष्णी मंचकावर टेकून बसली होती. ती म्हणाली, "केतकाई, मला माझे पाय कळत नाहीत."

"कळतील, बाळ," केतकाई म्हणाली, आणि बाहेर सज्जात येऊन पदर तोंडात कोंबून रडली. या पोरीखेरीज तिचे जगात कोणी नव्हते.

सज्जाच्या कठड्यावर एक टिटवी बसली होती. त्या राज्यात टिटव्या बोलत. फक्त सहसा कामाचे बोलत नसत. ही म्हणाली, "कातळाच्या गुहेत सांवरी राहते. तिच्याकडे जा."

"सांवरी कोण?"

"कर्कोळाची सख्खी बहीण."

"आणि ती मला मदत का करील?"

"ते तिला विचार. मी पक्षी आहे."

सापळाच हा, केतकाई मनाशी म्हणाली. तरी ती निघाली, कारण घरी बसून बुडबुडे मोजण्यापेक्षा सापळा बरा. शिदोरी स्वतःची घेतली, पाणी स्वतःचे घेतले, आणि वाटेत एकाही झाडाचे फळ तोडले नाही. सहाव्या दिवशी सकाळी ती गुहेपाशी पोचली. दारात एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती, आणि तिच्यासमोर जमिनीवर तीन रेघा ओढल्या होत्या.

"तीन कामे आहेत," सांवरी म्हणाली. "कातळाची सावली एकेका रेघेला टेकायच्या आत एकेक झाले पाहिजे. पहिले काम, या ओंडक्याची राख कर."

बाभळीचा ओंडका होता, माणसाच्या कमरेएवढा. केतकाईने तो उलटापालटा केला, पोकळ आहे का ते ठोकून पाहिले, साप आहे का ते पाहिले. मग कुऱ्हाड घेऊन त्याच्या ढलप्या केल्या, ढलप्यांच्या चिरफळ्या केल्या, हवा खेळेल अशा रचल्या आणि पेटवल्या. सावली पहिल्या रेघेला टेकायच्या आत राख झाली.

"दुसरे काम. हा हंडा लखलखीत कर."

हंडा तांब्याचा, वर्षानुवर्षांच्या कळकाने हिरवा पडलेला. बाजूला पातेलेभर चिंचेचे पाणी होते, पण इतके पातळ की त्यात तोंड दिसावे. केतकाईने ते हुंगले, जिभेला लावले, थोडा वेळ आपण मरतो का याची वाट पाहिली. मग ते चुलीवर आटवून वाटीभर केले, आणि तो घट्ट आंबट कोळ हंड्याला चोळला. हंडा उजळला.

"तिसरे काम. या दुधाचे दही लाव."

गुहेत असा गारठा होता की बोलताना तोंडातून वाफ निघे. तिथे दूध आठवडाभर दूधच राहिले असते. केतकाईने दुधाचा तीनदा वास घेतला, विरजण लावले, भांडे आपल्या घोंगडीत गुंडाळले आणि मघाच्या कोमट राखेत पुरून ठेवले. सावली तिसऱ्या रेघेला टेकली तेव्हा दही लागले होते.

"सोपी कामे होती," केतकाई म्हणाली. "म्हणूनच मला तुझा संशय येतो. यात डाव काय आहे?"

"सांगते. ओंडका का फोडलास?"

"आगीला जितके अंग मोकळे मिळेल तितके ती लवकर खाते. हे पोरासोरांनाही कळते."

"चिंच का आटवलीस?"

"पाणचट चिंचेत आंबट ते किती, आणि ते तांब्यापर्यंत पोचणार केव्हा?"

"दूध उबेला का ठेवलेस?"

"गारठ्यात सगळेच पेंगते. विरजणसुद्धा."

"मग राणीच्या घंगाळात यातले काय केलेस?"

केतकाई बोटांवर मोजू लागली. अखंड शिळा. सात भाग पाणी. थंड फरशी. ती तिथेच राखेशेजारी बसली. चार दिवस ती वेळकाढूपणा करणारा हात शोधीत होती, आणि तो हात तिच्याच खांद्याला होता. तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती जास्त वाटली.

"माझ्या भावाने शिळेवर काही मंत्र टाकला नव्हता," सांवरी म्हणाली. "त्याला तुमचा दरबार ठाऊक होता. तो म्हणायचा, नऊ दिवस दिले तरी ती माणसे एकमेकांना कशालाही हात लावू देणार नाहीत." मग तिने कनवटीचा एक काळा खडा काढला. "हा रसात टाक. काम झाले की काढून घे. शिळा आणि द्राव यांच्यामध्ये एक उंच घाट आहे. हा खडा घाटातली बुटकी खिंड दाखवतो, म्हणजे शिळा झटकन विरते. स्वतः तो झिजत नाही, सरत नाही."

"मोबदल्यात तुला काय हवे?"

"काही नको. भावाने मारलेली गाठ बहिणीने सोडवावी, एवढेच."

काही नको म्हणणाऱ्या माणसाला केतकाई सर्वांत जास्त घाबरत असे. तिने खडा पदराच्या टोकाला बांधला आणि तो वापरायचा नाही असे ठरवूनच टाकले.

आठव्या दिवशी सकाळी ती परतली तेव्हा राणी छातीपर्यंत दगड झाली होती. केतकाई आधी कोठडीकडे गेली आणि तिने स्वतः कडी काढली. "वैद्यबुवा," ती म्हणाली, "खल घ्या. जाळ करा. पाणी घालणार नाही."

शौनिकाने खल उचलला. तो चिडला असता तर तिला बरे वाटले असते. त्याने शिळा कुटून रव्याएवढी केली, नवा द्राव निर्भेळ ओतला, खाली मंद जाळ लावला. घंगाळ भाताच्या आधणासारखे खदखदू लागले. दोघे आळीपाळीने दिवसरात्र ढवळत राहिले. नवव्या दिवशी दुपारी शौनिकाने कलथ्याने तळ चाचपला आणि मान हलवली.

"या चालीने उद्या दुपारी होईल."

"उद्या दुपारी काय करायचा रस? जाळ वाढवा."

"वाढवला तर द्रावच वाफ होऊन उडून जाईल."

केतकाईने पदराची गाठ सोडली. खडा काट्यावर ठेवला. नऊ तोळे भरला. तिने तो घासला, उन्हात धरला, चाटला. कळले काहीच नाही. "वैद्यबुवा, हे काय आहे?"

"मला ठाऊक नाही, बाई. खोटे सांगणार नाही."

चौदा वर्षांत तिने हजारो माणसांना प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येकाने घाईघाईने उत्तर दिले होते. हे उत्तर तिला पटले. ज्याला फसवायचे असते तो ठाऊक नाही असे म्हणत नाही. तिने डोळे मिटले आणि खडा घंगाळात सोडला.

रस एकदम उसळला. फेस काठापर्यंत आला, घंगाळ थरथरले, शौनिकाच्या हातून कलथा सुटला. दोन घटकांत फेस बसला, दुधाळपणा गेला, आणि घंगाळाचा तळ दिसू लागला. तळाशी फक्त काळा खडा होता. केतकाईने तो चिमट्याने काढला, पुसला आणि पुन्हा काट्यावर ठेवला. नऊ तोळे. गुंजभरही कमी नाही. सगळ्यांच्या मध्ये पडला, सगळे काम केले आणि स्वतःसाठी काहीच घेतले नाही. चोरसुद्धा काहीतरी घेऊन जातो. 

सूर्य डोंगरापासून वीतभर वर होता. राणीचा गळा पांढरा पडला होता. ओठ तेवढे हलत होते. ते बंद झाले की ओंजळ कोणाच्या तोंडात घालणार? आणि नियम म्हणत होता, थंड कर, चाख, प्रहरभर थांब. केतकाईने रसाची ओंजळ भरली. बापाचा पेला तिच्यासमोर रिकामा झाला होता. लेकीचे काही झाले तर ते तिच्याच ओंजळीने होणार होते. तिने एक घोट स्वतः प्यायला. रस कढत होता, जीभ भाजली. तीच ओंजळ तिने तशीच राणीच्या ओठांना लावली.

"थांबायला वेळ नाही, बाळ. पी. काय व्हायचे ते दोघींचे होईल."

पयोष्णी प्यायली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. केतकाई आपल्याच पोटातली कळ शोधीत होती आणि ती सापडत नव्हती. मग भिंतीचा पोपडा निघावा तसा राणीच्या गळ्यावरून एक पांढरा पापुद्रा गळून पडला, मग खांद्यावरून, मग छातीवरून. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तिने पायाचा अंगठा हलवला. तळघरात तांब्याच्या पेटीतला शिंपला फुटला आणि त्याची वाळू झाली. कर्कोळाचा शाप संपला.

केतकाई शौनिकासमोर जाऊन उभी राहिली. "वैद्यबुवा, चार दिवस मी वाया घालवले."

"सात, बाई," शौनिक म्हणाला. मग खल पुसत म्हणाला, "पण नववा तुमचाच."

दुसऱ्या दिवशी पाथरवटाने मुदपाकखान्याच्या दारावरची अक्षरे छिन्नीने काढली. चौदा वर्षे बंद असलेल्या जात्याचे कुलूप निघाले. राणीच्या ताटात पहिल्यांदाच भाकरी आली, तव्यावरून उतरवलेली, फुगलेली. पयोष्णीने ती मोडली आणि आतल्या वाफेने तिची बोटे पोळली. ती दचकून वाफेकडे बघत राहिली. सतरा वर्षांची राणी, आणि ताज्या भाकरीतून वाफ येते हे तिला ठाऊक नव्हते. तिने तुकडा खाल्ला, मग दुसरा.

"हे तुम्ही मला कधीच का दिले नाहीत?" तिने विचारले. आवाजात राग नव्हता.

"भीत होते, बाळ," केतकाई म्हणाली, आणि सवयीने चाखायला पुढे झाली.

राणीने तिचा हात धरला आणि तिला आपल्या पाटाशेजारी बसवले. उरलेल्या भाकरीचे दोन भाग केले, एक तिच्या हातात दिला.

"आधी नाही," ती म्हणाली. "बरोबर."

केतकाई चौदा वर्षांत पहिल्यांदा बसून जेवली.