राजेसाहेबांचे पाच अ‍ॅम्प्लिफायर

"वाजवून बघायचं नाही, मागची फळी उघडायची नाही, हात तर मुळीच लावायचा नाही! आणि या पाचांतला सगळ्यात गोड आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर कोणता, ते सांगायचं. बोल पोरी, आहे हिंमत?"

भिवरगडच्या राजेसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. संस्थान केव्हाच खालसा झालं होतं, पण राजेसाहेबांचा हट्ट कुणाला खालसा करता आला नव्हता! गिटार म्हणजे त्यांचा जीव. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या जुन्या पेट्या ते देशोदेशीहून जमवत आणि आल्यागेल्या वादकाला हे कोडं घालत. ओळखलं तर ती पेटी त्याची. चुकलं तर त्याचं वाद्य राजवाड्यात जमा! बड्या बड्या वादकांनी परदेशी नावं वाचून उत्तरं दिली होती आणि त्यांच्या गिटारी आता दिवाणखान्याच्या भिंतीवर लटकत होत्या.

समोर उभी होती यमू कासार. एरवी आईबरोबर बाजारात बांगड्या भरायची आणि संध्याकाळी गावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. जत्रा उद्यावर आलेली, आणि ऑर्केस्ट्राचा अ‍ॅम्प्लिफायर ऐन तालमीत भसकन धूर सोडून गप्प झालेला. मामानं गोव्याहून आणलेली गिटार छातीशी धरून ती इथवर आली होती. हरली तर तीही भिंतीवर!

"पण उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार कोण?" यमूनं विचारलं.

"मी!"

"आणि तुम्ही ऐन वेळी शब्द फिरवलात तर?"

मानाजी हुजऱ्यानं जीभ चावली. कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेल्या राणीसाहेब मात्र हसल्या. "नाही फिरवणार. ह्यांचा लाडका कोणता ते मलाही ठाऊक आहे. मी साक्षीला बसलेय."

यमूनं पाचही पेट्या न्याहाळल्या. पहिलीवर सोनेरी अक्षरं. दुसरी कपाटाएवढी. तिसरीचं कापड फाटलेलं. चौथीवर नावसुद्धा नाही आणि एका बटणाच्या जागी चक्क बाटलीचं बूच! पाचवी लालभडक, नव्या नवरीसारखी. बघून काही कळेना. कळकट पेट्याच दोन, त्यातली खरी कोणती? का चकचकीतच खरी?

पण चेहरा तिनं हसरा ठेवला. "राजेसाहेब, पाहुण्याला चहा तरी मिळेल का?"

"मानाजी, चहा आण! बिस्किटंही आण!"

वाफाळता कप घेऊन यमू पेट्यांपुढून फिरू लागली. सोनेरी अक्षरांपाशी थांबली. "हुश्श, चटका बसतोय!" म्हणत तिनं कप त्या पेटीवर टेकवला. थोडा चहा हिंदकळून सांडलाही.

राजेसाहेब बिस्किट बुडवत होते.

कप कपाटाएवढ्या पेटीवर गेला. राजेसाहेबांनी दुसरं बिस्किट उचललं.

"इथं ठेवू का?" तिनं फाटक्या पेटीकडे बघत विचारलं.

"ठेव गं कुठंही!"

मग कप चौथ्या पेटीकडे वळला. अजून टेकलाही नव्हता, तोच—

"अगं ए! कप! आधी तो कप उचल! आत जुने काचेचे व्हॉल्व्ह आहेत, पाणी गेलं तर संपलं सगळं! मानाजी, फडकं आण, धाव!"

राजेसाहेबांचं बिस्किट चहात बुडालं. ते स्वतः धावत आले आणि कोरडीच पेटी रेशमी रुमालानं पुसू लागले.

यमूनं कप बशीत ठेवला आणि वाकून मुजरा केला.

"हाच, राजेसाहेब!"

"काय हाच?"

"सगळ्यात गोड आवाजाचा!"

"लबाड! हात लावायचा नाही असं ठरलं होतं!"

"हात कुठं लावला? कप लावला. आणि इथं तर तोही लागला नाही!"

"मी माझ्या सगळ्याच वस्तूंना जपतो!" राजेसाहेब गरजले.

"तर! त्या सोनेरीवरनं चहाचा ओघळ अजून वाहतोय."

राणीसाहेबांच्या हातातला अडकित्ता गळून पडला. हसता हसता डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "हरलात हो! रोज दुपारी दार लावून ह्याच्यावरच तर वाजवत बसता!"

राजेसाहेब कानापर्यंत लाल झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, असं कर. बाकीचे चारही ने. परदेशी आहेत, नावाजलेले आहेत. एवढा हा बुचाचा सोड."

"ते चार वाजवण्यासारखे असते," यमू म्हणाली, "तर दुपारी दार लावून तुम्हीच नसते का वाजवले?"

राजेसाहेब असे हसले, असे हसले, की भिंतीवरच्या गिटारींच्या तारा झणझणल्या!

"मानाजी, जीप काढ! हा अ‍ॅम्प्लिफायर यमूबाईंचा झाला. आणि भिंतीवरच्या गिटारी उतरव, ज्याच्या त्याला पोचत्या कर. पुन्हा हे कोडं घालायची माझी छाती नाही!"

पेटी उचलायला चार गडी आले, पण राजेसाहेबांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः उचलून जीपमध्ये ठेवली, खाली गादी घातली आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले.

"आपण कुठं निघालात?" राणीसाहेबांनी विचारलं.

"जत्रेला! ह्याला एकट्याला कसा पाठवू?"