तुटलेला दात

चाकं आपापसात बोलत असत त्या काळची ही गोष्ट. एका गाडीच्या डाव्या चाकापाशी एक जुना सेन्सर राहायचा. चाकासोबत फिरणाऱ्या कड्याचे दात मोजून तो ब्रेकला वेग कळवायचा.

एकदा कड्याचा एक दात तुटला. सेन्सरने तसं कळवलं आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. चाक चिडलं.

"माझी बदनामी करू नकोस. मिस्त्री तपासायला आलाय. सगळे दात आहेत म्हणून सांग, नाहीतर तुलाच काढतील."

"ब्रेक माझ्या शब्दावर चालतो," सेन्सर म्हणाला. "नसलेला दात आहे म्हणून कसं सांगू?"

इलाही मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, मीटर जोडला आणि चाक हाताने फिरवलं. सेन्सर मनातून घाबरला होता, तरी त्याने दिसलं तेच सांगितलं. प्रत्येक फेरीत काटा अडखळला.

"सेन्सर गेलाय," म्हणत मिस्त्रीने त्याला काढून भंगाराच्या डब्यात टाकलं आणि नवा बसवला.

चाक पुन्हा फिरलं. काटा पुन्हा तसाच अडखळला. मग मिस्त्रीने बॅटरी मारून कडं नीट पाहिलं.

"त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

डब्यातल्या सेन्सरने ते ऐकलं. पण काढताना त्याची वायर कापली गेली होती.