मागे समुद्र येऊ दे

अलिबागच्या एका मध्यम हॉटेलात द्वारकाबाई उतरल्या, त्या नणंदेसाठी. वन्संचे गुडघे पार गेलेले, वाळूत पाऊल टाकणं शक्य नाही. खोलीतूनच समुद्र बघू म्हणून तशी खोली आधी सांगून ठेवलेली. खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची भिंत!

टायवाले मॅनेजर कर्णिक म्हणाले, "उजवीकडे वाका, आजी. अजून थोडं. दिसली ना निळी रेघ? यालाच सी-व्ह्यू म्हणतात. तुम्हाला वाकता येत नसेल तर हॉटेल काय करणार?"

वन्सं पुटपुटल्या, "जाऊ द्या, वहिनी." पण असल्यांना सोडायचं म्हणजे त्यांना शेफारून ठेवायचं. असं द्वारकाबाईंचं मत.

त्या हॉटेलची रीत अशी, की खोली पाहिली की पाहुण्याने मोबाइलसमोर दोन गोड शब्द बोलायचे आणि मॅनेजरने ते नेटवर टाकायचे. कर्णिकांनी मोबाइल काढताच द्वारकाबाई खिडकीशी खुर्ची ओढून ताठ बसल्या.

"बोलते की, भरभरून बोलते. फक्त माझ्यामागे समुद्र येऊ दे."

कर्णिक पुढे झाले, मागे झाले, पलंगावरसुद्धा चढले. हात बाहेर काढला की समुद्र येई, पण बाई जात.

"आजी, समुद्र काही येत नाहीये."

"मग भिंतीचं कौतुक करते. करा सुरू."

कर्णिकांनी मोबाइल खिशात घातला आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली आणायला ते स्वतः खाली गेले. त्या खोलीत वन्सं खिडकीशी बसल्या, त्या दिवेलागणीपर्यंत उठल्याच नाहीत.