पाटलाची उसनी पाठ

बसा असे जवळ. या गोष्टीचा शेवट आधी ओळखून दाखवा. जो ओळखेल त्याच्यापुढं मी माझी मिशी उतरवायची, अशी पैज आहे. मिशी अजून जागेवर आहे, तेवढं बघून घ्या आणि मग ऐका.

फार पूर्वी एका गावात एक पाटील होता आणि पाटलाला एक कंबर होती. कंबर सगळ्यांनाच असते म्हणा, पण दुखेपर्यंत ती कुणाच्या ध्यानात नसते. पाटलाच्या ध्यानात ती आषाढात आली.

दोष गादीचा होता. लग्नात आलेली गादी. पंचवीस वर्षांत तिला ना ऊन दाखवलं, ना कधी पिंजून घेतली. कापसाच्या गुठळ्या झाल्या होत्या नि मधे म्हैस बसेल एवढा खड्डा. सकाळी पाटील उठायचा तो आधी भिंत धरून, मग पाटलीणबाईंना धरून, मग सुटलेलं धोतर धरून.

पाटलीणबाई म्हणाल्या, "अहो, पोळा महिन्यावर आला. पिंजाऱ्याकडं जाऊन नवी गादी बघा की."

पोळ्याचं नाव निघालं तसा पाटील गार पडला. त्या गावची रीतच तशी होती. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि त्याखालून पहिली जोडी जायची पाटलाची. कासरा पाटलानं स्वतः धरायचा नि देवळापासून वेशीपर्यंत ताठ चालत यायचं. बदली माणूस चालायचा नाही. पाटलाला चालता आलं नाही, तर त्या साली मान खालच्या आळीच्या कारभाऱ्याला. सात पिढ्यांत तशी पाळी आली नव्हती. तरी कारभारी बिचारा दर पोळ्याला नवा फेटा बांधून तयार उभा राहायचा. न जाणो.

पाटील बाजारात गेला. पिंजाऱ्याच्या दुकानात तीन गाद्या मांडलेल्या होत्या. एक जुन्या कापसाची, ठोकून ठोकून पाटासारखी केलेली. एक नव्या कापसाची, मध्यम. आणि एक सावरीच्या कापसाची, अशी फुगलेली की मांजरानं उडी मारली तर शोधावं लागेल.

पिंजारी म्हातारा होता. गावातली निम्मी माणसं त्याच्याच गाद्यांवर जन्मली होती. तो म्हणाला, "या पाटील. जोडा काढा आणि उताणे पडा. दहा श्वास घ्या. मग कमरेखाली हात सारून बघा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक. अडकला तर मऊ. जेमतेम सरकला, तर ती गादी तुमची."

"मी? इथं आडवा पडू?" पाटलानं मागं वळून बाजाराकडं बघितलं. "भर बाजारात पाटील पाय पसरून पडला, म्हणजे लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, पाटील गादी बघतोय."

"तुला नाही कळायचं, चाचा."

"मग पडदा लावतो की. आत कोण बघतंय?"

"पडद्याआड पाटील झोपला, हे त्याहून वाईट."

असं म्हणून पाटील घरी आला आणि त्यानं डोकं चालवलं. पाटलाचं डोकं कमरेपेक्षा बरं होतं, असं त्यालाच वाटायचं. त्यानं गावच्या हलवायाला बोलावलं. उंचीला दोघं सारखे. धान्याच्या मोठ्या काट्यावर एका पारड्यात पाटील बसला, दुसऱ्यात हलवाई. हलवाई जरा कमी भरला. त्याच्या हातात गुळाची छोटी ढेप दिली, तेव्हा काटा मधोमध आला.

"उंची तीच, वजन तेच," पाटील म्हणाला. "म्हणजे पाठही तीच. तू जा आणि माझ्या बदली झोपून ये."

"आणि गूळ?"

"पोटावर ठेव. वजन चुकलं तर गादी चुकेल."

पाटलीणबाई दारातून म्हणाल्या, "कंबर दुखतीय तुमची आणि झोपणार ते? उद्या औषध पण त्यांनाच पाजू का?"

पाटलानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी हलवाई पोटावर ढेप घेऊन पिंजाऱ्याच्या दुकानात आडवा झाला. पाटील समोरच्या दुकानात घुंगरमाळा बघायचं निमित्त करून उभा होता. एकच घुंगरू त्यानं चाळीस वेळा वाजवून बघितलं.

पहिल्या गादीवर हलवाई म्हणाला, "फरशी बरी." दुसरीवर म्हणाला, "ठीक." तिसरीवर, म्हणजे सावरीच्या, काहीच म्हणाला नाही, कारण तो घोरायला लागला होता. पहाटे चारला भट्टी पेटवणारा माणूस तो. त्याला काटेरी कुंपणावर टाकला असता तरी घोरला असता. शेवटी ढेपेला मुंग्या लागल्या, तेव्हा उठला आणि समोर बघून ओरडला, "पाटील, हीच. स्वर्ग आहे स्वर्ग."

पाटलानं घुंगराकडंच बघितलं, जसं काही ते दुसऱ्या कुठल्या पाटलाला म्हटलं.

पिंजारी रस्ता ओलांडून आला नि हळूच म्हणाला, "सावरी उशीला चांगली, पाटील. गादीत माणूस बुडतो. हलवायाची पाठ धड आहे, त्याला काहीही गोड लागेल. तुम्ही दहा श्वास पडा. उसन्या पाठीनं गादी निवडता येत नाही."

"गाडीत टाक," पाटील म्हणाला.

पिंजाऱ्यानं गादी टाकली आणि सांगून ठेवलं, "आठ दिवसांनी उलटी करा. ऊन पडलं की अंगणात टाका, काठीनं झोडपा. दमट ठेवू नका, बसेल ती."

पहिल्या रात्री पाटील गादीत असा गेला की पाटलीणबाईंना फक्त मिशी दिसत होती. पाय वर, डोकं वर, कंबर खाली. सकाळी घरच्या दोन गड्यांनी ओढून काढला.

चार दिवसांनी श्रावणातलं लख्ख ऊन पडलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "टाकू का अंगणात?"

"नको. येणारा-जाणारा बघेल. म्हणेल, पाटलाची गादी बाहेर का? मग कमरेची गोष्ट कारभाऱ्याच्या कानावर जाईल."

गादी मागच्या खोलीत ओल खात राहिली. सावरी दोन्ही कडांना सरकली, मधे नुसतं कापड उरलं. पिंजारी एकदा दारावरून जाताना म्हणाला, "अजून बदलून देतो. फक्त एकदा येऊन पडा."

"पोळा होऊ दे," पाटील म्हणाला.

आणि पोळा आला. बैलांची शिंगं रंगवली, झुली चढवल्या, वाजंत्री देवळापाशी येऊन वाजायला लागली. पाटलीणबाईंनी नवा फेटा आणून ठेवला.

"उठा."

"उठतोय."

"मग उठा की."

"मन उठलंय," पाटील म्हणाला. "कंबर येत नाहीये."

तेल लावलं, शेक दिला. घरच्या दोन माणसांनी बगलेत धरून उभा केला, तर दुमडलेल्या सतरंजीसारखा परत खाली गेला. तिकडं वाजंत्रीवाले दमले. बैलांनी एकमेकांच्या माळा खाल्ल्या. मान जाणार हे दिसल्यावर पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "गादीसकट उचला मला. कासरा हातात द्या. मी येणार."

चौघांनी चार कोपरे धरले. वेशीला जायची वाट बाजारातूनच होती. पोळ्याचा दिवस, सगळं गाव रस्त्यावर. पुढं बैल, मागं पाटील, उताणा, डोक्याला फेटा आणि हातात कासरा. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, गेले की काय?" पाटलाला पडल्या पडल्या सांगावं लागलं, "नाही गेलो, मावशी."

वेशीत गावचा वडीलधारा म्हातारा पुढं आला. त्यानं पाटलाकडं बघितलं, तोरणाकडं बघितलं.

"पाटील, रीत चालत यायची आहे."

"कासरा माझ्याच हातात आहे, आजोबा."

"हात तुमचा, पण पाय त्या चौघांचे."

 पाटलानं स्वतःच कासरा पुढं केला. कारभाऱ्यानं तो घेतला.  तो आपली जोडी आणायलाही विसरला आणि पाटलाचीच जोडी घेऊन तोरणाखालून गेला. वाजंत्री वाजली.

परत येताना चौघं दमले नि त्यांनी गादी पिंजाऱ्याच्या दारात टेकवली.  पिंजाऱ्यानं नव्या कापसाची मधली गादी आणून शेजारी पसरली आणि चौघांनी पाटलाला अलगद तिच्यावर सरकवलं. पाटलानं डोळे मिटले. भर बाजारात, सगळ्या गावासमोर त्यानं मोजून दहा श्वास घेतले. मग कमरेखाली हात घातला. जेमतेम सरकला.

"हीच होती," पाटील म्हणाला.

"मग त्या दिवशी नुसतं पडायचं होतं की हो," मागोमाग आलेल्या पाटलीणबाई म्हणाल्या, आणि पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

तात्पर्य: ज्यावर आपली पाठ टेकायची, त्यावर आधी आपणच आडवं होऊन बघावं. दहा श्वासांची लाज वाचवायला पाटलानं दुसऱ्याला झोपवलं, आणि त्यापायी सात पिढ्यांनी सांभाळलेला पोळ्याचा मान त्यानं आपल्या हातानं कारभाऱ्याला दिला.