चौदा वर्षांपूर्वीचा परवलीचा शब्द

साळगडच्या विक्रमसेन महाराजांनी दवंडी पिटवली, की यंदापासून जो नाईक म्हातारा होऊन चाकरीतून मोकळा होईल, त्याला घरबसल्या महिन्याला दहा पायल्या जोंधळे मिळतील. चांगली गोष्ट! पण जे आधीच मोकळे झाले होते, त्यांचं काय? त्यांच्या पाच पायल्या पाचच राहिल्या.

सटवाजी नाईक चौदा वर्षांपूर्वी घरी बसलेला. त्याचा धाकटा भाऊ दौलती यंदाच्या होळीला बसला. दोघंही नाईक. दोघांनीही गडाच्या एकाच दरवाजावर वीस-वीस वर्षं भाला धरलेला. आता एकाच ओसरीवर दोन पोती येऊ लागली, एक भरलेलं, एक निम्मं. दौलती बिचारा शरमून आपल्यातलं द्यायला जायचा, पण सटवाजी हात लावील तर शपथ! ‘धाकट्याचं खाऊ का मी?’ म्हणायचा आणि भाकरी दिवसातून एकदाच खायचा.

सटवाजीची बायको चिमाक्का गडाच्या दरवाजाबाहेर ताक विकत असे. तिनं नवऱ्याच्या बरगड्या दिसायला लागेपर्यंत दम धरला. मग त्याच्याबरोबर एकाच दिवशी घरी बसलेल्या तीस म्हाताऱ्या नाईकांना मागं घेऊन ती तडक दरबारात गेली.

“महाराज, हुद्दा एक, चाकरी एक, मग पोती दोन तऱ्हेची का?”

“कारण हे जुने!”

“जुने म्हंजे काय, निम्म्या पोटाचे?”

दरबारी खुसखुसले. महाराज तांबडे झाले. “चिमाक्का, जीभ आवर! हे त्या सालचे शिपाई, यांना त्या सालचा शिधा. ते आजचे शिपाई, त्यांना आजचा. संपलं!”

“आन् दोघं सारखे असं कोण म्हणालं तर?”

“कोण म्हणणार? मी माझ्या तोंडानं म्हणालो, तरच ते खरं! म्हणायला लाव मला. आठ दिवस देतो. पण मागायचं नाही, रडायचं नाही, गाऱ्हाणं घालायचं नाही. जमलं नाही तर आहेत त्या पाच पायल्याही बंद!”

म्हाताऱ्यांचे चेहरे उतरले. चिमाक्का मात्र सावकाश म्हणाली, “बरं. तेवढे आठ दिवस पहाऱ्यावरच्या पोरांना सुट्टी द्या महाराज, दरवाजा आमची म्हातारी माणसं राखतील.”

“राखू दे की! पण नियम तेच. मी बाहेर असलो की दरवाजा बंद. परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. अगदी मी असलो तरी!”

महाराज हट्टी होते, पण भोळे नव्हते. बाई बाहेर काहीतरी घोळ घालणार हे त्यांनी ओळखलं आणि सात दिवस ते गडाबाहेर पडलेच नाहीत. शब्द विचारायची वेळच आली नाही.

“अगं, आता कसं व्हायचं?” सटवाजी रडवेला झाला. “असलेलं पोतं पण जायचं!”

“गप ऱ्हावा हो,” चिमाक्का ताक घुसळत म्हणाली. “वैशाख हाय. राजा झाला तरी त्याला उकडतंच.”

आणि तसंच झालं! आठव्या दिवशी पहाटेच महाराजांच्या अंगाची लाही व्हायला लागली. दरवाजाबाहेर, खालीच तळं. ‘आता काय, जिंकलोच!’ म्हणत महाराज नुसत्या धोतरावर, अनवाणी, पोहायला उतरले. पाणी असं गार, की बाहेर यावंसंच वाटेना. वर आले तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं, दरवाजा बंद आणि समोरची काळी फरशी तव्यासारखी तापलेली.

“कोण हाय?” वरून सटवाजीनं आवाज दिला.

“अरे, मी! तुमचा राजा!”

“असाल. शब्द सांगा.”

“डाळिंब!”

“चुकला.”

“चुकला? अरे, सकाळी मीच ठरवला तो!”

“ठरवला असंल. तो आजच्या शिपायांचा. आमी त्या सालचे शिपाई, आमचा शिधा त्या सालचा. मग शब्दबी त्याच सालचा. चौदा वर्सांमागं आमी घरी गेलो, त्या दिवसाचा शब्द सांगा, लगीच उघडतो.”

महाराज एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागले. तळ्याकडे परतायचं तर तीच तापलेली फरशी पुन्हा तुडवावी लागणार. “सुपारी! कोयता! मोर!”

“न्हाई. न्हाई. मोर तर न्हाईच.”

बाजाराला आलेली माणसं जमली. भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“एकेकाला कैदेत टाकीन!”

“टाका की. पर त्यासाठी आत यावं लागंल, महाराज.”

“चिमाक्का! तू तरी सांग यांना!”

“मी काय सांगू बाई? मला गाऱ्हाणं घालायची बंदी हाय. ताक देऊ का?”

“ताक नको! आई गं, पाय! अरे, आजचा शब्द घ्या!”

“आजचा शब्द आजच्या शिपायाला, महाराज.”

“मग तुम्ही आजचेच शिपाई!” महाराज ओरडले. “त्यांच्यात नि तुमच्यात काडीचा फरक नाही! दोघं सारखे! उघडा!”

कर्रर करून दरवाजा उघडला.

“डाळिंब. बरोबर हाय,” सटवाजीनं मुजरा केला.

महाराजांनी सावलीत पाय टाकला, ‘हुश्श’ केलं, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

“दहा पायल्या,” महाराज हळूच म्हणाले. “सगळ्यांना. आजपासून.”

“आन् उद्या नव्यांच्या बारा झाल्या तर?” चिमाक्कानं विचारलं.

“तर यांच्याही बारा! त्याच दिवशी! आता पुन्हा बाहेर उभं करू नकोस मला.” मग ते सटवाजीकडे वळले. “पण नाईक, एक सांग. त्या दिवशीचा शब्द होता तरी काय?”

सटवाजीनं डोकं खाजवलं. मागच्या तीस जणांकडे पाहिलं. त्यांनीही डोकी खाजवली.

“कुनाला ठावं, महाराज! चौदा वर्सं झाली की!”

महाराज जे हसत सुटले ते पोट धरून पायरीवरच बसले. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चिमाक्काच्या मनगटात घातलं आणि म्हणाले,

“बाई, आता दे ते ताक!”