केरबाची आयर्लंडातली उमेदवारी

पन्हाळ्याकडच्या एका वाडीत केरबा नावाचा भोळा गडी होता. एकदा त्याच्या मनानं घेतलं, आपण आयर्लंडला जाऊन बारचं काम शिकायचं. आणि गेला की!

तिथं समुद्रकाठच्या गावात नोराबाईंचा पब होता. बाई म्हणाल्या, "आठवडाभर शीक. शनिवारी परीक्षक येतील. पास झालास तर इथंच नोकरी. नाहीतर घरी."

केरबाला घरी जायची सोय नव्हती. आत्यानं गावभर पेढे वाटले होते. त्यानं ठरवलं, बाई सांगतील ते अक्षर न् अक्षर पाळायचं.

सोमवारी त्यानं काळी बिअर ग्लासात भसकन ओतली. निम्मा ग्लास नुसता फेस.

"अरे, घाई नको," बाई म्हणाल्या. "पाऊण भरायचं, थांबायचं, सगळं खाली बसू द्यायचं. मग उरलेलं ओतायचं."

"समजलं, बाई."

मंगळवारी गिऱ्हाइकानं सूप मागितलं. केरबानं पाऊण वाडगा भरला आणि टक लावून उभा राहिला.

"काय बघतोस?"

"गाजर बसलं, बाई. बटाटा अजून तरंगतोय."

सूप गारढोण झालं. बाई ओरडल्या, "वाफा निघतायत तोवर पळत न्यायचं!"

"समजलं, बाई."

बुधवारी एकीनं आइस्क्रीम मागितलं. केरबानं ते पातेल्यात घालून उकळलं आणि वाफा निघताच पळत नेलं. वर म्हणाला, "जपून हं, फुंकून प्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. "फ्रीजरमध्ये ठेवायचं रे! दगडासारखं झालं की मगच द्यायचं!"

"समजलं, बाई."

गुरुवारी एक आजोबा पावसात भिजून आले. कोट काढून म्हणाले, "जरा नीट ठेव, बाबा." तासाभरानं केरबानं कोट आणला. कोट जमिनीवर आपला आपण उभा राहिला. आजोबा दोन पावलं मागं सरले.

"गिऱ्हाईक हातात देईल ते शेकोटीजवळच्या खुंटीला अडकवायचं," बाई दातओठ खात म्हणाल्या, "आणि चिठ्ठी लावायची."

"समजलं, बाई."

शुक्रवारी एक बाई झोळीतलं बाळ घेऊन आली. "मिनिटभर धरता का?" म्हणाली आणि हात धुवायला गेली. परत येऊन बघते तो बाळ खुंटीला! झोळीवर चिठ्ठी: 'नग एक. निळं टोपडं.' आईनं किंकाळी फोडली. तोवर मजेत झोके घेणारं बाळही मग भोकाड पसरून रडू लागलं.

नोराबाईंचा आवाजच बसला. त्या कुजबुजल्या, "कुणी किरकिर करायला लागलं, तर मांडीवर घ्यायचं. ढेकर येईपर्यंत पाठ थोपटायची. मग कोरडं करून निजवायचं."

"समजलं, बाई!"

शनिवारी परीक्षक आले. सहा फूट उंच, भरघोस मिशा, पोट टेबलाला टेकलेलं. बिअरचे दोन घोट घेतले आणि सुरू झाले. "खुर्ची टोचते. खिडकीतून वारा येतो. बिअर कडू आहे."

केरबानं कान टवकारले. किरकिर!

गुळाच्या ढेपा उचललेले हात ते. त्यानं साहेबांना अलगद उचललं, मांडीवर घेतलं आणि पाठीवर थापट्या सुरू केल्या. साहेब ओरडले तसा केरबा आणखी जोरात थोपटू लागला.

"सोड मला!"

"ढेकर द्या, लगेच सोडतो."

सगळा पब श्वास रोखून बघत होता. आणि साहेबांना ढेकर आला. असा आला की फळीवरचे ग्लास किणकिणले.

केरबाचा चेहरा उजळला. साहेबांच्या पट्ट्याला हात घालत तो नोराबाईंना म्हणाला, "बाई, ढेकर आला! आता कोरडा लंगोट द्या!"