मावशीच्या पदरातली वेल

एक होता राजा. त्याची बाग केवढी? या टोकाला सकाळी शिरावं, तर त्या टोकाला पोचेतो दिवेलागण. वर्षातून एकच दिवस ती पोरासोरांसाठी उघडी असे. ए, पांघरूण ओढू नका रे, दोघांनाही पुरतंय.

तर द्वारकामावशी आपल्या बहिणीची पोरं घेऊन निघाली. मोठा केरू आणि धाकटी बयो. मावशी भारी कडक बरं का. आत शिरतानाच म्हणाली, "हात मागे बांधा! पानाला बोट लावलंत तर याद राखा." बिचारी पोरं दिवसभर तशीच फिरली. नाकावर माशी बसली तरी हात सुटला नाही.

आणि मावशी? तिला दिसली एक निळी वेल. फुलं अशी, की बघतच राहावं. अंगणात लावली तर सगळी आळी बघायला येईल, असं तिच्या मनात आलं. त्यात चोरून आणलेलं रोप हमखास लागतं, असं तिच्या सासूबाई सांगायच्या. सासूबाईंना काय, त्या घरी बसल्या होत्या! मावशीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, अन् कट्कन फांदी मोडून पदराआड लपवली. बयोनं मात्र ते पाहिलं.

बाहेर पडायला तीन फाटकं. पहिल्या फाटकाशी पदरात काहीतरी वळवळलं. फांदीला पानं फुटत होती! मावशीनं पदर आवळला. दुसऱ्या फाटकाशी वेल खांद्यावर चढली. मावशीनं डोक्यावरून पदर घेतला. मग तिसऱ्या फाटकाशी कळ्या उमलल्या, आणि असा घमघमाट सुटला की लपवू म्हणता लपेना.

तिथे म्हातारा माळी बसला होता. त्यानं पोरांकडेच पाहिलं. "वेल कुणी मोडली रे? मोडणाऱ्याला या बागेत पुन्हा पाऊल टाकता यायचं नाही."

मावशीनं पदर आणखीच घट्ट धरला. तेवढ्यात बयो पुढे झाली. हात अजून मागेच. "मी मोडली, आजोबा."

अगं बाई! मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर जिला दटावलं, ती एवढीशी पोर आपल्यापायी कायमची बागेला मुकणार! तिनं पदर सोडला. "ती नाही हो, मी," मावशी म्हणाली. मान काही वर होईना.

माळ्याच्या मागे करवंट्यांत रोपं मांडली होती. त्याच निळ्या वेलीची. "आज आलेल्या प्रत्येकाला एक द्यायचं, असा राजाचा हुकूम आहे, बाई," तो हळूच म्हणाला. आता मात्र मावशी रडलीच.

माळ्यानं पोरांना रोपं दिली. मावशीची फांदी फाटकाबाहेर रोवली. "ही फाटकावर चढली, की आत ये."

पदरात घटकेत वाढलेली वेल मातीत काही केल्या वाढेना. मावशी रोज पाणी घालायची. येणारेजाणारे विचारायचे, "कशाला हो?" आणि तिला दरवेळी खरं सांगावं लागे. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. पोरं आत जायची, मावशी बाहेर बसायची. तिसऱ्या वर्षी वेल चढली, फुलली, फाटक उघडलं. मावशी आत शिरली ती आपणहून हात मागे बांधून. बयोनं मागून येऊन तिचा एक हात सोडवला आणि आपल्या हातात धरला.

मग सगळी सुखात राहिली. तुम्हीही राहा. शेजारच्या काकूंचा गुलाब कुणाच्या उशीखाली आहे, ते मी आत्ता विचारत नाही. सकाळी बघू. मिटा डोळे.